स्पॅरिंगमधला मार: सवय कशाची करायची आणि भीती कशाची ठेवायची

बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो अशा क्लासमध्ये पंचिंग बॅगवर आणि पॅडवर झकास चालणारी मुलं-मुली पहिल्या स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला, अर्ध्या मिनिटात गोंधळतात. हात खाली येतात, डोळे मिटतात, पाय मागे मागे सरकतात आणि महिनोन् महिने घोटलेलं कॉम्बिनेशन (फटक्यांची साखळी) आठवत नाही. यात कमजोरीचा संबंध नाही. बॅग परत मारत नाही, म्हणून फटका येताना पाहण्याचा सरावच झालेला नसतो. शिकवण्यातला हा खड्डा आहे आणि तो सरावानंच भरतो.

अनेक क्लासमध्ये यावर एकच उपाय चालतो: "मार खाऊन खाऊनच सवय होते." अर्ध्यापुरतं ते खरं आहे. मांडी, नडगी, हात आणि पोटाचे स्नायू हळूहळू मार पचवायला शिकतात. मनही शिकतं. मेंदू मात्र शिकत नाही. डोक्याला बसलेला दहावा जोराचा फटका पहिल्यापेक्षा कमी घातक होत नाही, बहुतेकदा जास्तच होतो. म्हणून सवय करायची ती फटक्याच्या स्पर्शाची, वेगाची आणि अचानकपणाची. जोराची सवय करायला जाऊ नका. पुढची सगळी पद्धत या एका भेदावर उभी आहे.

तुमच्या प्रकारात कुठला फटका जास्त बसतो तेही आधी लक्षात घ्या. तायक्वांदोत तोंडावर पंच चालत नाही, पण डोक्यावर किक चालते आणि चेस्ट गार्ड असूनही बरगड्यांना बसतंच. क्योकुशिन कराटेत तोंडावर हाताचा फटका नाही, पण छाती-पोट आणि मांड्या सोलून निघतात. पॉइंट कराटेत फटका आवरून मारायचा असतो. तिथे अपघात होतो तो समोरचा अचानक पुढे घुसला म्हणून. बॉक्सिंग आणि मुए थाईत (थाई किक-बॉक्सिंग) नाक-जबडा कायम धोक्यात. सगळ्यांनी सगळा सराव सारखाच करायची गरज नाही.

जागा आणि सामान

सगळ्यात धोकादायक फटका समोरच्याच्या हाताचा नसतो, तो फरशीचा असतो. पाय घसरून किंवा किकने तोल जाऊन डोक्याची मागची बाजू कडक जमिनीवर आपटली की प्रकरण गंभीर होतं. नागपुरात बरेच क्लास शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात नाहीतर गच्चीवर चालतात. कोटा किंवा शहाबादी फरशीवर, सिमेंटच्या कोब्यावर स्पॅरिंग करू नका. एकमेकांत अडकणारी २० ते ४० मिलिमीटर जाडीची मॅट हवी. खांब, भिंत आणि कूलरचा स्टँड यांच्यापासून दोन मीटर अंतर ठेवा. मॅट नसेल त्या दिवशी फक्त जागेवरचे सराव करा, किक आणि ढकलाढकली नको.

ग्लोव्हज १६ औंसांचे, म्हणजे एकेक साधारण ४५० ग्रॅमचा. वजन ६० किलोच्या आत असेल तर १४ औंस चालतील. १० औंसांचे ग्लोव्हज बॅगसाठी आणि सामन्यासाठी, जोडीदाराच्या तोंडासाठी नाहीत. क्लासचे सामाईक ग्लोव्हज घेताना बोटांच्या गाठींवर अंगठ्याने दाबून पाहा. आतलं हाड जाणवलं तर पॅडिंग मेलेलं आहे, ते ग्लोव्हज बॅगकडे पाठवा.

बर्डीतल्या खेळाच्या दुकानांत मिळणारा गरम पाण्यात मऊ करायचा माउथगार्ड पुरेसा आहे, पण तो नीट बसवावा लागतो. पाणी उकळून गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरता, बहुधा २० ते ३० सेकंद, बुडवा. क्षणभर गार पाण्यात धरून वरच्या दातांवर बसवा, हळू चावा, ओठ मिटून आतली हवा ओढून घ्या आणि बोटांनी बाहेरून दाबा. तोंड उघडल्यावर तो खाली पडला तर फिटिंग चुकलं, पुन्हा करा. सैल माउथगार्ड दातांनी धरून ठेवण्यात लक्ष जातं, श्वास अडतो आणि मग माणूस तोंड उघडून लढतो. उघड्या जबड्यावर बाजूने बसलेला हूक फार महागात पडतो. दातांना तारा असतील तर दंतवैद्याकडूनच बनवून घ्या.

हेडगार्डबद्दल एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. तो भुवई फुटण्यापासून, कान सुजण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवतो. कवटीच्या आत मेंदू हलतो, ते त्याला थांबवता येत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगने मोठ्या पुरुषांसाठी २०१३ मध्ये हेडगार्ड काढला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याच्याशिवाय उतरले. क्लासमध्ये तो घालाच, पण "हेडगार्ड आहे, मार जोरात" हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं तर राउंड तिथेच थांबवा.

पुरुषांनी आतून जांघेचा गार्ड घालायचा, सरावालासुद्धा. चष्मा आणि लेन्स काढून ठेवा. चष्म्याचा नंबर उणे ६ किंवा त्याहून जास्त असेल, तर डोक्यावर फटके असलेलं स्पॅरिंग सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या.

जोर किती, हे बोलून ठरवा

"हळूच करू" या शब्दाचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा असतो. टक्क्यांत बोलायचं तर टक्के कशाला म्हणायचं तेही ठरवा. २० टक्के म्हणजे ग्लोव्ह कपाळाला टेकला, आवाज आला, डोकं जागचं हललं नाही. ४० टक्के म्हणजे फटका जाणवला, पण मान झटकली नाही. समोरच्याचं डोकं मागे किंवा बाजूला झटकलं की जोर जास्त झाला, मग मारणाऱ्याला कितीही "हळू" वाटलेलं असो. पोटावर आणि मांडीवर ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जाता येतं. डोक्यावर नवशिक्यांनी ३० च्या पुढे जाऊच नये.

"हळू भाऊ" किंवा "हळू ताई" असं कुणीही एकदा म्हटलं की दोघांनीही जोर उतरवायचा, हा नियम सरांनी राउंडच्या आधी मोठ्यांदा सांगावा. म्हणजे तो शब्द उच्चारणं कमीपणाचं राहत नाही. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं तर थांबून बोला. तिसऱ्यांदा वेळ आली तर ग्लोव्हज टेकवा, नमस्कार करा आणि बाहेर या. जोर वाढवत नेणाऱ्या जोडीदाराला धडा शिकवायला आपणही जोर वाढवला, की दोन मिनिटांत स्पॅरिंगची मारामारी होते. बहुतेक दुखापती अशाच राउंडमध्ये होतात.

पहिली जोडी दोन नवशिक्यांची लावू नये. दोघेही घाबरलेले असतात, घाबरलेला माणूस डोळे मिटून पूर्ण ताकदीने मारतो आणि समोरचा तसंच उत्तर देतो. नवशिक्यासमोर दोन-तीन वर्षं झालेला, हात आवरता येणारा सीनियर द्या. वजनात १० किलोंहून जास्त फरक असेल तर जड माणसाने डोक्यावर फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, वापरावा, तोही टेकवण्यापुरता. मुलींच्या बाबतीत पुरुष जोडीदार दोन चुका करतात. एकतर हवेत पंच मारत राहतात, त्यामुळे तिला काहीच शिकायला मिळत नाही. नाहीतर तिचा एक चांगला फटका बसला की चिडून जोर लावतात. दोन्हींकडे सरांचं लक्ष हवं. आणि १४ वर्षांखालच्या मुलांना डोक्यावरच्या फटक्यांचं स्पॅरिंग देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वयात अंतर, पाय आणि गार्ड, म्हणजे हातांनी डोकं-अंग झाकणं, शिकायलाच भरपूर आहे.

फटका येताना शरीर काय करतं

चेहऱ्याकडे काही वेगाने आलं की चार गोष्टी आपोआप होतात. डोळे मिटतात, श्वास अडकतो, खांदे वर चढून मान मागे जाते म्हणजे हनुवटी उघडी पडते, आणि हात फटका पकडायला पुढे धावतात. फांदी अंगावर आली तर हे उपयोगी आहे. इथे मात्र चारही गोष्टी दुसऱ्या फटक्यासाठी दार उघडतात. पहिला जॅब क्वचितच खाली पाडतो. डोळे मिटलेले असताना न दिसलेला दुसरा हात पाडतो, कारण त्याच्यासाठी मान आवळलेली नसते.

पापणी लवणं पूर्ण बंद होत नाही, व्हायची गरजही नाही. कमी करायचा तो मिटण्याचा काळ. आणि तोंड फिरवणं मात्र पूर्ण थांबवायचं. पाठ किंवा डोक्याची मागची बाजू समोरच्याला दाखवणं ही सगळ्यात वाईट सवय. तिथे बसलेल्या फटक्याला कुठल्याच गार्डचं संरक्षण नसतं.

सराव, पायरी-पायरीने

आठवड्याला तीन वर्ग धरले तर हा क्रम सहा ते आठ आठवड्यांचा आहे. दर वर्गात १० ते १२ मिनिटं, वॉर्म-अपनंतर, थकण्याआधी. थकलेल्या शरीराला घाबरण्याचीच सवय लागते.

पहिल्या पायरीत फक्त स्पर्श. तुम्ही स्टान्समध्ये (लढायच्या पवित्र्यात) उभे राहा, हनुवटी खाली, नजर समोरच्याच्या हासळीच्या हाडावर. जोडीदार १६ औंसांचा ग्लोव्ह तुमच्या कपाळाला, गालाला, पोटाला टेकवतो आणि हलकं ढकलतो. सेकंदाला एक स्पर्श, दोन मिनिटं. प्रत्येक स्पर्शाला नाकाने किंवा दातांमधून छोटासा श्वास सोडा. हे पोरकट वाटतं आणि म्हणूनच बरेच जण ते गाळतात. पुढे अडकणारे बहुतेक इथेच कच्चे राहिलेले असतात.

दुसऱ्या पायरीत बोटं मोजायची. जोडीदार एका हाताचा ग्लोव्ह काढतो. ग्लोव्हवाल्या हाताने कपाळाला टेकवतो आणि त्याच क्षणी मोकळ्या हाताची एक ते पाच बोटं पोटाच्या उंचीवर अर्धा सेकंद दाखवतो. तुम्ही आकडा मोठ्याने म्हणायचा. डोळे उघडे आहेत की नाही याची याहून सोपी परीक्षा नाही. २० पैकी १६-१७ बरोबर येऊ लागले की पुढे जा. आकडा चुकला म्हणून जोडीदाराने हसायचं नाही.

तिसरी पायरी गार्डवरची. दोन्ही हात गालाच्या हाडाला चिकटवा, कोपरं बरगड्यांवर. जोडीदार २० ते ३० टक्क्यांनी जॅब आणि मागोमाग क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) तुमच्या ग्लोव्हजवर मारतो. ग्लोव्ह आणि चेहरा यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं की आपलाच ग्लोव्ह आपल्या नाकावर आपटतो, आणि नवशिक्यांची नाकं सगळ्यात जास्त अशीच फुटतात. हात आधीपासून चिकटलेले असू द्या, फटका टेकताना क्षणभर आवळा, लगेच सैल सोडा. पूर्ण राउंड आवळून ठेवलेले खांदे दीड मिनिटात भरून येतात आणि खाली पडतात.

चौथ्या पायरीत अनिश्चितता वाढवा. एक ठरलेला फटका, जॅब, दहा वेळा. मग जॅब किंवा क्रॉस, कुठला ते माहीत नाही. मग तीन फटक्यांची साखळी. मग वेळही अनिश्चित: जोडीदार कधी एका सेकंदाने मारतो, कधी सहा सेकंद नुसता फिरतो. वाट पाहण्याचे ते सहा सेकंदच खरे जड जातात. खांदे वर चढायला लागले की स्वतःला पकडा आणि श्वास सोडा.

पाचव्या पायरीत एकानेच मारायचं. एक मिनिट तो मारतो, तुम्ही फक्त गार्ड, पाय आणि डोकं वापरता, मग अदलाबदल. त्यानंतर दोघांनीही फक्त जॅब, दीड मिनिट. सहाव्या पायरीत सगळं, पण डोक्यावर ३० टक्क्यांतच, दोन मिनिटांचे तीन राउंड. हौसेने शिकणाऱ्यांनी डोक्यावर फटके असलेलं स्पॅरिंग आठवड्यातून एकदाच करावं. बाकी दिवशी अंगापुरतं स्पॅरिंग करा, त्यातही हिंमत तितकीच लागते.

एखादी पायरी जमली नाही तर मागच्या पायरीवर जा. मागच्या वेळी जोराचा फटका बसला असेल तर पुढच्या वर्गात डोळे पुन्हा मिटायला लागतात. तेव्हा पाचवीवरून थेट दुसरीवर आलात तरी चालेल, दहा मिनिटांत पुन्हा वर येता.

याच्या जोडीला मान. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने ढकला, हाताने अडवा, मान हलू देऊ नका. १० सेकंद धरा. असंच मागून आणि दोन्ही बाजूंनी, निम्म्या ताकदीने, प्रत्येकी पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. मजबूत मानेने डोक्याचा झटका काही प्रमाणात कमी होतो, नाहीसा होत नाही. आखाड्यातला डोक्यावर भार घेऊन करायचा पूल नवशिक्यांनी वस्तादाशिवाय करू नये.

फटका बसला: पुढचे तीन सेकंद

हा क्रम घोटून घ्या: हात वर, श्वास बाहेर, तिरपं पाऊल, मग जॅब. सरळ मागे जाऊ नका, कारण समोरचा सरळच येतो. डावीकडे किंवा उजवीकडे तिरपी दोन पावलं टाका आणि जाता जाता हलका जॅब द्या. त्या जॅबने काही होवो न होवो, तुमचं डोकं "मला लागलं" वरून "आता काय" वर येतं. पॅड घेतानाच हे बसवता येतं: जोडीदाराने पॅडने गार्डवर थाप मारायची आणि तुम्ही तिरपं निघून जॅब द्यायचा, २० वेळा.

नाकावर बसलं की डोळ्यांत पाणी येतं. ते रडणं नाही, प्रतिक्षिप्त क्रिया आहे, कितीही धीट माणसाला येते. दिसत नसेल तर हात वर करून "थांब" म्हणा आणि दिसायला लागल्यावरच पुढे चला. पहिल्या काही स्पॅरिंगनंतर हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही, उगाच राग येतो. ॲड्रेनलिन उतरताना असं होतं आणि चार-पाच वेळांनंतर कमी होतं. दर वेळी वर्गाच्या आधी पोटात गोळा येत असेल, टाळायला कारणं सुचत असतील, तर जोर किंवा जोडीदार चुकीचा आहे. सरांशी बोला.

पोट, बरगड्या, मांडी

पोटावर घेताना खोकल्यासारखा तुटक श्वास सोडा, स्नायू आपोआप आवळतात. श्वास भरून धरलात किंवा पोट आत ओढलंत तर फटका खोल जातो. सराव तळहाताच्या थापांनी सुरू करा, मग ग्लोव्ह. जेवणानंतर किमान दोन तास हे नको.

बरगड्या जिथे जुळतात त्याखालच्या खळग्यात बसलं तर श्वासपटलाला गोळा येतो आणि श्वास आत घेता येत नाही. खाली बसा, गुडघे जवळ घ्या, पट्टा सैल करा आणि आत घ्यायची धडपड सोडून आधी हळू बाहेर सोडा. एक-दोन मिनिटांत सुटतं. उजव्या बरगड्यांखाली लिव्हरवर बसलेला फटका वेगळा असतो. एक क्षण काहीच वाटत नाही, मग पायातला जीव जातो. "उठ, काही झालं नाही" म्हणून अशा माणसाला उभं करू नका, त्या दिवशीचं स्पॅरिंग संपलं. बचाव एकच: उजवं कोपर जागेवरून सोडायचं नाही.

पोटात दुखणं वाढत गेलं, पोट कडक झालं, खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं, उलटी, चक्कर किंवा लघवीत रक्त आलं तर आतल्या अवयवाला मार आहे, थेट हॉस्पिटल. खांद्याचं दुखणं लोक सोडून देतात, पण डाव्या खांद्याच्या टोकाचं दुखणं प्लीहा फाटल्याची खूण असू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, टायफॉइड आणि डेंग्यू घरोघरी असतात. मलेरिया आणि टायफॉइडमध्ये प्लीहा वाढते आणि थोड्या मारानेही फाटू शकते. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात. ताप उतरला म्हणून स्पॅरिंगला येऊ नका, डॉक्टरांनी पोट आणि रक्त तपासून हो म्हटल्यावरच या.

मांडीवर किक बसून स्नायू मेल्यासारखा झाला तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, गुडघा सोसेल तितका वाकवून. दिवसातून तीन-चार वेळा. घरी आल्यावर तेल गरम करून रगडून मालिश करायची आपली पद्धत इथे नुकसान करते: आतलं रक्त आणखी पसरतं आणि रगडलेल्या स्नायूत पुढे हाडासारखी गाठ धरू शकते. पहिले तीन दिवस मालिश नाही, शेक नाही.

जांघेत बसलं आणि तासाभरात दुखणं उतरलं नाही, सूज किंवा उलटी आली, तर लाजू नका. अंडकोशाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तासच हातात असतात.

नाक, डोळा, दात

नाकातून रक्त आलं की डोकं मागे टाकू नका, रक्त घशात जातं. पुढे झुका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला उघडून पाहिलं की थांबत नाही. नंतर आत दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखं होऊन नाक बंद झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, मधल्या पडद्याशी साचलेलं रक्त नाकाचं कूर्चा खातं.

डोळ्यासमोर चमका, काळे ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर उद्यावर टाकू नका. पूर्ण निखळलेला पक्का दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा.

नागपूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. पाणी कमी झालेल्या शरीराने डोक्यावर फटके घेणं जास्त धोक्याचं असतं. शिवाय प्रतिक्रिया मंदावल्यामुळे फटके जास्त बसतात. स्पॅरिंग सकाळी साडेपाच ते सात किंवा रात्री उशिरा ठेवा. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायचं, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम. सामन्यासाठी पाणी तोडून वजन उतरवत असाल तर त्या आठवड्यात डोक्यावर स्पॅरिंग नाही. कूलर मे महिन्यात कामाचा आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो ओलावाच वाढवतो, तेव्हा खिडक्या उघडून एक्झॉस्ट लावा. उन्हाची डोकेदुखी आणि फटक्याची डोकेदुखी सारखीच वाटते. डोक्याला काही लागलेलं असेल तर ऊन समजून सोडू नका.

डोक्याला बसलं तर

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, बहुतेक जण पडतच नाहीत. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, प्रकाश किंवा आवाज नकोसा वाटणं, बोलणं अडखळणं, भलत्याच वेळी चिडणं किंवा रडू येणं, "काहीतरी वेगळं वाटतंय" असं म्हणणं, यातलं एकही असलं तरी पुरे. विचारा: आता कितवा राउंड होता? कुणासोबत? आज क्लासला कसे आलात? मग एका रेषेत टाच-बोटं जुळवत चालायला लावा. मात्र उत्तरं बरोबर आली म्हणून कुणाला परत आत पाठवू नका. शंका आली की तो दिवस संपला. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा फटका, विशेषतः किशोरवयीन मुलांना, जिवावर बेतू शकतो.

बेशुद्ध माणसाला हलवू नका, मान धरून ठेवा, श्वास पाहा. श्वास चालू नसेल तर मानेसाठी थांबू नका, छाती दाबणं सुरू करा. तोंडात पाणी ओतणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, गालावर थापट्या मारणं यातलं काही करू नका. १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल, झटके आले असतील, दोनदा उलटी झाली असेल, डोकेदुखी वाढत चालली असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, हातपाय लुळे पडत असतील, मान दुखत असेल, किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर वाट पाहू नका. मेडिकल, मेयो, एम्स, जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल ते गाठा.

एवढं काही नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि त्याला स्वतःच्या गाडीवर घरी जाऊ देऊ नका. हा नियम नागपुरात सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण जो तो दुचाकीवर आलेला असतो. कुणीतरी सोडून या आणि घरच्यांना नीट सांगा. पुढचे २४ तास सोबत माणूस हवा. डॉक्टरांनी पाहिल्यावर झोपायला हरकत नसते, पण झोपेतून उठवता आलं नाही तर लगेच हॉस्पिटल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो.

पहिले २४ ते ४८ तास घरच्या घरी हलकं चालणं चालेल, मोबाइल आणि अभ्यास कमीत कमी. त्यानंतर पायऱ्या: चालणं किंवा स्थिर सायकल, मग थोडं धावणं, मग एकट्याने शॅडो (हवेत फटके मारायचा सराव), मग पॅड आणि बॅग. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर. मोठ्यांना बहुधा दोन आठवड्यांत बरं वाटतं, मुलांना चारपर्यंत लागू शकतात. मुलांनी आधी शाळा पूर्ण वेळ सुरू करायची, खेळ त्यानंतर. डोक्यावरच्या फटक्यांना परत यायचं ते सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. नॉकआउट झालं असेल तर बरं वाटत असलं तरी किमान ३० दिवस नाही. वर्षभरात दुसऱ्यांदा झालं तर हे वेळापत्रक विसरा आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

सरांनी एक वही ठेवावी: तारीख, कुणाला, कुठे लागलं, काय लक्षणं, कधी परत आला. दोन बॅच वेगवेगळे सर घेत असतील तर ही वही नसताना सकाळी हादरा बसलेला मुलगा संध्याकाळच्या बॅचला पुन्हा ग्लोव्हज घालून उभा राहतो. परत आलेल्याचं पहिलं स्पॅरिंग दुसऱ्या पायरीचं असावं: कपाळाला ग्लोव्ह टेकवायचा आणि बोटं मोजायची. आकडे बरोबर येत असतील, डोकं दुखत नसेल, तर त्या आठवड्यात गार्डवरचा सराव, पुढच्या आठवड्यात एकाच बाजूने मार आणि त्यानंतर कुठे दोघांचा जॅबचा राउंड, त्याच हात आवरणाऱ्या सीनियरसोबत.